मुद्दल, व्याज आणि स्वाक्षरी

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी आपल्या मिळकतीतून वाटा भरून कुंभारी येथे उभारलेली आणि २००६ साली पूर्णत्वास गेलेली १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत पाहिली, म्हणजे कष्टकरी स्त्रीला काटकसर शिकविण्याची आवश्यकता नाही, हे ध्यानी येते. उणीव असते ती दस्तऐवज वाचण्याच्या सवयीची, आणि अर्थसाक्षरतेच्या स्वयंसेवकाचे कार्य तेथेच आरंभ पावते.

दरमहा शेकडा २ दराने घेतलेल्या १०,००० रुपयांच्या कर्जाचे व्याज सालाअखेर २,४०० होते; परंतु मुद्दल मासिक हप्त्यांनी फिटत असताही आकारणी मूळ रकमेवरच होत राहिली, तर वास्तविक दर सुमारे पावणेदोन पट पडतो, हे बचत गटाच्या बैठकीत, आणि सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागात प्रसंगी तेलुगूतूनही, उलगडून सांगावे लागते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या स्त्रियांचा बँक काढण्यासाठीचा अर्ज त्यांच्या निरक्षरतेमुळे नामंजूर झाला, तेव्हा त्या अक्षरे शिकल्या, अधिकाऱ्यांसमोर व्याजाचे हिशेब तोंडी करण्याची त्यांनी तयारी दर्शविली, आणि १९९७ साली माणदेशी महिला बँक स्थापन झाली. म्हणून स्वयंसेवकाने उपदेशकाची भूमिका न घेता कारकुनाची घ्यावी: पासबुक वाचावे, अटी समजावाव्यात, आणि निर्णय मात्र त्या स्त्रीचा तिलाच घेऊ द्यावा.