मानेचा झटका आणि रोजीरोटी

कापड खरेदीसाठी आम्ही व्यापारी भिवंडी-मालेगावच्या फेऱ्या मोटारीने करतो. मागून गाडी आदळली की मानेला झटका बसून स्नायू ताणले जातात. दुखणे कधी दुसऱ्या दिवशी उमटते. हातांना मुंग्या आल्या वा ताकद कमी वाटली तर तत्काळ डॉक्टर गाठावा. तपासणीत हाड शाबूत निघाल्यास मात्र पट्टा बांधून आठवडेच्या आठवडे पडून राहू नये, मान आखडते. कॅनडातील क्युबेकच्या तज्ज्ञांनी १९९५ सालीच लवकर हालचालीचा सल्ला दिला. फिजिओथेरपिस्टकडून मान सावकाश वळवण्याचे व्यायाम शिकून रोज करावेत. मालिशवाल्याकडून ती कडकन मोडून घेऊ नये. अनेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. शिलाई मशीनवर वाकणाऱ्या कारागिराची तर रोजीच मानेवर चालते. त्याने व्यायाम अर्धवट सोडू नयेत.