बिनकानाचा कप

"याला कान कुठाय?" हा आईचा पहिला प्रश्न. दुसरा अर्थातच किंमत. आकडा ऐकून ती दोन सेकंद गप्प झाली. त्या पैशात पुण्यात चांगला मिक्सर आला असता, हे तिनं मनातल्या मनात मोजलं असणार. मग ती स्क्रीनच्या जवळ आली आणि म्हणाली, "अगं, डाग आहेत बघ त्यावर. बदलून देतात का?"

टोकियोत ऑनसाइट असतानाची ही गोष्ट. टीममधली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण प्रोजेक्ट संपवून सोलला परत निघाली होती. फेअरवेल गिफ्ट म्हणून तिला काहीतरी अस्सल जपानी द्यायचं, असं मी ठरवलं होतं. कीचेन नाही, पंखा नाही! म्हणून एका शनिवारी बसमध्ये बसले आणि अडीच तासांवरच्या माशिकोला गेले. तोचिगी प्रांतातलं हे गाव म्हणजे अख्खं कुंभारकाम. हामादा शोजी या विसाव्या शतकातल्या मोठ्या कुंभारानं इथंच घर केलं आणि गावाचं नाव जगभर पोचवलं.

तिथल्या एका छोट्या दुकानात मला तो दिसला. चावान, म्हणजे चहाचा बाउल. करडा रंग, दोन्ही तळहातांत बरोब्बर मावणारा, आतून-बाहेरून शर्टाच्या बटणाएवढ्या पांढऱ्या फुलांच्या रांगा. मला वाटलं, फुलं ब्रशनं काढली असतील. दुकानातल्या काकू हसल्या आणि त्यांनी काउंटरमागून एक ठसा काढून माझ्या हातावर ठेवला. आपल्याकडचे रांगोळीचे छाप असतात ना, तसाच, फक्त भाजलेल्या मातीचा.

बाउल चाकावर घडवल्यावर तो अर्धवट वाळू द्यायचा. फार ओला असेल तर ठसा दाबताना आकार बसतो, फार वाळला तर तडा जातो. अधली-मधली ती वेळ पकडायची आणि एकेक फूल दाबत जायचं. मग वरून पांढऱ्या मातीचा पातळ लेप फासायचा. त्या वेळी सगळी मेहनत पुसली गेल्यासारखी वाटते म्हणे! लेप सुकला की वरचा थर हलक्या हातानं खरवडायचा. पांढरं उरतं ते फक्त ठशांच्या खळग्यांत. मग ग्लेझ आणि भट्टी. कुठं फूल ठळक उमटतं, कुठं लेपाचा पुसट ढग राहतो. आईला दिसलेले डाग ते हेच.

कान का नाही, तेही कळलं. यात माच्चाची पूड घालून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या घुसळणीनं फेस काढतात. बाउल एका तळहातावर ठेवायचा, दुसऱ्या हातानं आधार द्यायचा आणि पिण्याआधी थोडा फिरवायचा, म्हणजे त्याच्या दर्शनी बाजूला ओठ लागत नाहीत. भिंत जाड असल्यानं हात भाजत नाही. कान लावला असता तर एका हातानं पिऊन दुसऱ्या हातानं मेल चेक केले असते की आपण.

या नक्षीला 'मिशिमा' म्हणतात. इझूमधल्या मिशिमा देवस्थानाच्या छापील पंचांगात बारीक अक्षरांच्या ओळी असायच्या. ठशांच्या रांगा तशाच दिसतात म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. एवढा होमवर्क करून मी खूश होते.

फेअरवेलच्या रात्री तिनं बॉक्स उघडला. बाउल उलटा करून बूड पाहिलं, फुलांवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे म्हणाली, "सुंदर आहे. पण हे आमचं आहे."

मला वाटलं, चेष्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

पंधराव्या शतकात कोरियात अशी भांडी घरोघरी आणि कचेऱ्यांमध्ये वापरात होती. कचेऱ्यांतून ती गायबही व्हायची. म्हणून १४१७ मध्ये दरबारानं हुकूम काढला, की भांड्यावर त्या त्या खात्याचं नाव हवं. (स्टेपलरवर डिपार्टमेंटचं नाव लिहिणाऱ्या अॅडमिनवाल्यांनो, परंपरा सहाशे वर्षांची आहे!) सोळाव्या शतकात जपानी चहागुरूंना या साध्या बाउल्सचं वेड लागलं. मग १५९२ ते १५९८ दरम्यान तोयोतोमी हिदेयोशीच्या फौजांनी कोरियावर दोनदा स्वारी केली आणि येताना कुंभारच पकडून आणले. कारात्सु, हागी, सात्सुमा या नावाजलेल्या परंपरांमागे त्यांचे हात आहेत. जपानीत या स्वाऱ्यांना 'भांड्यांचं युद्ध' असंही म्हणतात.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नावाचं. आज कोरियात या भांड्यांना 'बुनचॉंग' म्हणतात. तो शब्द को यू-सॉप या कला-इतिहासकारानं दिला, तोही थेट १९३० च्या दशकात, देश जपानच्या ताब्यात असताना. तोवर रूढ नाव होतं मिशिमा. आजीच्या दागिन्याला शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव आपणही वापरत राहावं, तसं.

"मग परत नेऊ का?" मी विचारलं. मला खरंच रडू येत होतं.

"वेडी आहेस का? माझा आहे तो आता."

त्यानंतर आम्ही दोघी बराच वेळ भांडलो, जपानी बीअर पीत. माझं म्हणणं, चोरीचा माल एवढंच म्हणून विषय संपत नाही. माशिकोतच शिमाओका तात्सुझो होते, हामादांचे शिष्य. त्यांचे वडील रेशमी गोफ विणणारे कारागीर. शिमाओकांनी फुलांच्या ठशांऐवजी पिळाची दोरी ओल्या मातीवर फिरवली आणि त्या खुणांत पांढरी माती भरली. १९९६ मध्ये जपाननं त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. तंत्र कोरियाचं असेल, पण ती दोरी बापाच्या धंद्यातली होती. तिला हे पटलं. "पण दुकानातल्या चिठ्ठीवर कोरियाची एक ओळ लिहायला काय जातं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठीवर खरंच काही नव्हतं.

गेल्या महिन्यात तिनं सोलहून फोटो पाठवला. स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावर तो बाउल आणि आत माच्चा नाही, तर काठोकाठ माक्गॉल्ली, त्यांची तांदळाची पांढरी दारू. ग्लेझच्या बारीक रेषांत थोडा रंग मुरलेला दिसत होता.

फोटो आईला दाखवला. चष्मा लावून तिनं नीट पाहिला.

"डाग वाढलेत," ती म्हणाली.