तपकिरी भिंतीमागचं विज्ञान

इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नसतो, कारण त्याची स्वतंत्र तरंगलांबीच नाही. एखाद्या वस्तूवरून येणारा नारिंगी प्रकाश भोवतालच्या उजेडापेक्षा बराच मंद असला, की मेंदूला तो तपकिरी दिसतो. म्हणूनच पांढऱ्याशुभ्र छताखाली मातकट भिंत अधिक गडद भासते.

भिंतीच्या अशा मातकट छटांचं मूळ लोहाच्या ऑक्साइडांत आहे. गेरूला लाली येते ती हेमटाइटमुळे, पिवळ्या मातीला पिवळेपणा गोएथाइटमुळे. सोबत मँगनीजची ऑक्साइडं आली की गडद तपकिरी ‘अंबर’ मिळतो. पिवळी माती भाजली तर गोएथाइटमधलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते! यातलं लोह आधीच ऑक्सिजनशी पक्कं बांधलेलं असल्यामुळे हे रंग उन्हात सहजी विटत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वी गेरू दळून रंग बनवल्याच्या खुणा सापडल्या आहेत. आपल्या डहाणू-पालघरकडे वारली चित्रांतल्या तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषा गेरूच्या भिंतीवरच उठून दिसतात.

घरी तपकिरी रंग लावायचा तर दिव्यांचा विचार आधी करावा. तपकिरी भिंत निळा प्रकाश शोषते आणि तांबूस-पिवळा परत पाठवते. त्यामुळे २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात ती उबदार वाटते, तर ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात मळकट. छोट्या, अंधाऱ्या खोलीत चारही भिंती गडद करू नयेत. खिडकीसमोरची एकच पुरे. भिंतीवर हातभर नमुना लावून तो सकाळी आणि रात्री पाहावा, मगच डबा घ्यावा.