नोकरी करीत ऑनलाइन व्यवस्थापन पदवी : वेळेचा प्रश्न आणि अध्यापकाची भूमिका

प्रस्तावना :
नोकरी सांभाळून उच्च शिक्षण घेणारा विद्यार्थी महाराष्ट्राला नवा नाही. १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हापासून बँकेतील लिपिक, कारखान्यातील पर्यवेक्षक, भांडारपाल असे असंख्य नोकरदार छापील अध्ययनसाहित्य आणि अभ्यासकेंद्र यांच्या आधारे पदवीधर झाले. पुढे माध्यम बदलले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी आणि २०२० साली दूरशिक्षण व ऑनलाइन शिक्षण या दोहोंसाठी एकत्रित विनियम केले. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. प्रवेशापूर्वी आयोगाच्या यादीत संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव पाहणे अर्थातच अत्यावश्यक आहे. तेवढे पाहिले की वैधतेचा प्रश्न बव्हंशी मिटतो. वेळेचा प्रश्न मात्र तसा मिटत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

वेळेचे गणित :
इग्नूच्या पद्धतीत १ श्रेयांक म्हणजे सर्व प्रकारच्या अध्ययनकृती मिळून ३० तासांचा अभ्यास. एखाद्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे ८० श्रेयांक धरले, तर एकूण २४०० तास होतात. तो २ वर्षांत पूर्ण करावयाचा तर आठवड्याला सुमारे २३ तास द्यावे लागतात. आता डोंबिवलीहून मुंबईत नोकरीस जाणारा एखादा कर्मचारी घ्यावा. कामाचे ४८ तास, सहा दिवसांच्या येण्याजाण्याचे १८ तास, झोपेचे ५६ तास आणि अभ्यासाचे २३ तास मिळून १४५ होतात. आठवड्याच्या १६८ तासांपैकी उरतात २३. म्हणजे जेवण, घर, मुले, आजारपण या सर्वांसाठी दिवसाला सव्वातीन तास. गृहिणीपदाची जबाबदारीही पेलणाऱ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला हेही येत नाहीत. हाच अभ्यासक्रम ४ वर्षांत विभागला, तर अभ्यास आठवड्याला साडेअकरा तासांवर येतो. जाहिरातीत किमान कालावधी ठळक असतो. नोकरदाराला सोसणारा कालावधी बहुधा कमाल मर्यादेच्या जवळचा असतो, आणि हे त्याला प्रवेशाच्या वेळीच सांगणे हे समुपदेशकाचे कर्तव्य आहे. अन्यथा पहिल्या सत्रात चार विषय घेऊन दोन राहतात, आणि विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीलाच दोष देऊ लागतो.

शिवाय सर्व तास सारखे नसतात. लोकलमध्ये उभ्याने विपणनावरील व्याख्यान ऐकता येईल. परिव्यय लेखांकनाचे उदाहरण सोडविता येणार नाही. ‘केव्हाही, कोठेही’ या सोयीचा दुसरा अर्थ असा की, या अभ्यासासाठी ठरलेली वेळच नाही. जे केव्हाही करता येते ते रात्री अकरानंतर ढकलले जाते.

अंतर आणि संवाद :
शिक्षणतज्ज्ञ मायकेल मूर यांनी दूरशिक्षणातील अंतराचा विचार मैलांत केला नाही. त्यांच्या मते संवाद कमी आणि पाठ्यक्रमाची रचना ताठर असेल, तर अध्यापक व विद्यार्थी यांच्यातील अंतर वाढते. भारतीय ऑनलाइन अभ्यासक्रमांत दृक्‌श्राव्य पाठ, ई-साहित्य, चर्चापीठ व मूल्यमापन असे चार घटक अपेक्षित असतात. पैकी पहिल्या दोहोंवर संस्था मोठा खर्च करतात आणि चर्चापीठ ओस पडते. वास्तविक थकलेल्या विद्यार्थ्याला टिकवून धरण्याचे सामर्थ्य तेथेच अधिक असते.

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक सवलत उपजतच लाभलेली असते : त्याची प्रयोगशाळा त्याच्या कचेरीतच असते. ‘खेळत्या भांडवलाची संकल्पना स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर उतरवून काढता येते. त्याऐवजी भांडारपालास विचारावे की, कच्चा माल खरेदी होऊन त्याचा पक्का माल विकला जाईपर्यंत किती दिवस जातात, ग्राहकाची उधारी किती दिवसांनी वसूल होते आणि पुरवठादाराचे देणे किती दिवसांनी भागविले जाते. ही उत्तरे अनुक्रमे ४०, ६० आणि ३० दिवस आली, तर ७० दिवस पैसा अडकून पडतो, हे त्याला पुस्तक न उघडता उमगते. या स्वाध्यायाला वेगळा वेळ थोडाच लागतो, कारण निरीक्षण कामाच्या ओघातच होते. आकडे गोपनीय असल्यास ते ठरावीक प्रमाणात बदलून लिहिण्याची मुभा असावी. २०२० च्या विनियमांनुसार सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार असल्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी अधिकाधिक ३० टक्केच उरतात. परंतु अध्यापकाच्या हाती जे काही आहे ते याच ३० टक्क्यांत आहे.

स्वाध्यायांच्या तारखांचेही तसेच आहे. लेखाविभागातील विद्यार्थ्याकडून मार्चअखेरीस आणि किरकोळ विक्रीच्या दुकानातील विद्यार्थ्याकडून दिवाळीच्या पंधरवड्यात स्वाध्याय मागणे म्हणजे तो न मिळण्याची व्यवस्था करणे होय. प्रत्येक विषयाचे सादरीकरण दोन तारखांपैकी एकीला करण्याची सोय ठेवली आणि परीक्षेच्या तारखा रजेचा अर्ज वेळेत देता येईल इतक्या आधी जाहीर केल्या, तर त्यासाठी संस्थेला कोणताही खर्च येत नाही.