कोळशाचं पोतं घेताना भाव नाही, आतला माल बघा : आकार, प्रत आणि खरा हिशोब

व्हिडिओत मी तीन पोती रिकामी करून दाखवली होती. ज्यांना सगळं लिहून हवं होतं, त्यांच्यासाठी हा लेख.

आपलं अनसिंग वाशीम-पुसद रस्त्यावर. इथं कोळसा कोण घेतं? इस्त्रीवाले, ढाबेवाले, लोहार. आणि हिवाळा लागला की घरगुती गिऱ्हाईक : म्हाताऱ्या माणसांना शेकायला आणि बाळंतिणीच्या शेक-शेगडीला. प्रत्येकाची गरज वेगळी, पण आपण सगळ्यांना एकाच पोत्यातला माल देतो. चूक इथूनच सुरू होते.

आधी : लाकडी की दगडी?

दगडी कोळसा आपल्या विदर्भातच, वणी-चंद्रपूरकडच्या खाणींत निघतो. त्याची प्रत उष्मांकावर ठरते. जी-१ ते जी-१७ अशा श्रेणी आहेत. जी-१ म्हणजे किलोला ७००० किलोकॅलरीच्या वर, जी-१० म्हणजे ४३०१ ते ४६००, आणि जी-१७ म्हणजे २२०१ ते २५००. आकडा वाढला की प्रत उतरते, हे लक्षात ठेवा. पण दगडी कोळशाला धूर आणि गंधकाचा वास असतो. तो भट्टीचा माल आहे, घरातल्या शेगडीचा नाही. घरासाठी कुणी मागितला तर सरळ नाही म्हणा.

लाकडी कोळशात बाभळीसारख्या जड लाकडाचा माल चांगला. वजनाला भरतो, निखारा बराच वेळ टिकतो. हलक्या लाकडाचा कोळसा लवकर पेटतो आणि लवकर संपतो.

आकार कशासाठी बघायचा?

जाळ हवेवर चालतो. तुकड्यांमध्ये फट असेल तर हवा खेळते. चुरा जास्त असेल तर फटी बुजतात आणि कोळसा नुसता धुमसत राहतो.

- मुठीपेक्षा मोठा : तंदूर आणि मोठी भट्टी. पेटायला वेळ लागतो, पण टिकतो.
- लिंबापासून पेरूएवढा : घरची शेगडी. सगळ्यात जास्त खपणारा हाच.
- सुपारीपासून लिंबापर्यंत : इस्त्री. पेटीत नीट बसतो, लवकर लाल होतो.
- चुरा : शेणात कालवून गोळे करायला. फेकू नका, वेगळा विका.

प्रत ओळखायच्या पाच खुणा

१. दोन तुकडे एकमेकांवर वाजवा. खणखणीत आवाज आला तर माल पक्का आणि कोरडा. भद्द आवाज आला तर ओला किंवा कच्चा.
२. तुकडा मोडून बघा. आतून तपकिरी, लाकडासारखा दिसला तर तो अर्धवट भाजलेला आहे. असा माल धूर करतो.
३. एक किलो मोजून घ्या, दोन दिवस कडक उन्हात पसरा, परत मोजा. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी तुम्ही कोळशाच्या भावानं घेतलं.
४. पाच किलो माल चाळून चुरा वेगळा मोजा.
५. तळाचा माल बादलीभर पाण्यात टाका. कोळसा तरंगतो, दगड-माती तळाला जाते.

आता हिशोब

उदाहरणासाठी आकडे धरू. पहिलं पोतं ४० किलोचं, १२०० रुपयांना, म्हणजे किलोला ३० रुपये. दुसरं तेवढंच, पण १३६० रुपयांना, म्हणजे ३४ रुपये. कोणतं घ्याल? पहिलंच ना?

थांबा. पहिल्यात निघालं ४ किलो पाणी, ५ किलो चुरा, १ किलो खडे. कामाचा माल ३० किलो. १२०० भागिले ३०, म्हणजे ४० रुपये किलो. दुसऱ्यात दीड किलो पाणी, २ किलो चुरा, अर्धा किलो खडे. कामाचा माल ३६ किलो, भाव पडला पावणेअडतीस. स्वस्त कोणतं झालं, तुम्हीच सांगा.

हा धडा मी फुकट शिकलो नाही. दुकानाच्या पहिल्याच पावसाळ्यात एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात पोती उचलली. वरचा थर मस्त, खाली ओला माल आणि चुरा. पैसे बुडाले ते बुडालेच, पण रोजचं एक इस्त्रीवालं गिऱ्हाईक गेलं. ते आजपर्यंत परत आलं नाही. तेव्हापासून एक पोतं ओतून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही.

कागद आणि वजन

भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कोळसा वनोपजात मोडतो. म्हणून मालासोबत बिल आणि वाहतुकीचे कागद मागाच. पाच-दहा किलोच्या पिशव्या स्वतः भरून विकत असाल तर निव्वळ वजन, कमाल किंमत, भरणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष छापा. काट्यावर वजनमापे खात्याचा चालू शिक्का हवा.

सगळ्यात महत्त्वाचं : गिऱ्हाइकाला हे सांगितल्याशिवाय पोतं देऊ नका

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. चांगल्या कोळशाला धूर नसतो, म्हणून लोकांना वाटतं धोकाही नाही. उलट आहे! धूर दिसला तर माणूस दार तरी उघडतो. हा वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपेतच माणूस जातो.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीची दारं-खिडक्या वारा लागू नये म्हणून घट्ट लावतात आणि आत शेगडी ठेवतात. आई आणि तान्हं बाळ, दोघांच्याही जिवाला धोका. म्हणून घरगुती पोतं देताना मी विचारतो, "काकू, शेगडी कुठं ठेवणार?" उत्तर "खोलीत" आलं तर सांगतो : कोळशाची शेगडी आत नकोच. शेकायचं तर अंगणात किंवा ओसरीत, मोकळ्या हवेत. बाळंतिणीला गरम पाण्याची पिशवी आणि उबदार कपडे द्या. आणि पेटती शेगडी खोलीत ठेवून कुणीही झोपायचं नाही.

कधी कधी हे ऐकून गिऱ्हाईक पोतं न घेताच जातं. जाऊ द्या. एका पोत्याचा नफा उद्या भरून निघेल.

या आठवड्याचं काम : दुकानातलं एक पोतं ओता, चाळा, मोजा आणि तुमचा खरा भाव वहीत लिहा. पुढची खरेदी तो आकडा समोर ठेवूनच करा.