छिद्र पाडणारे यंत्र : अंक आणि हात

वारणा खोऱ्यात १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून सुमारे ७० गावांत संगणक पोहोचले. शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी, हा त्यामागील हेतू होता. संगणक माहिती देतो, हे तेव्हा गावोगावी समजले. तो यंत्राचा दांडाही अचूक फिरवतो, हे समजण्यासाठी सर्किट बोर्डाला छिद्रे पाडणारे छोटे यंत्र स्वतः बांधून पाहावे.

अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र १९५२ मध्ये अमेरिकेतील एमआयटी संस्थेने जगापुढे मांडले. तेच तत्त्व आज तळहाताएवढ्या ‘अर्डुइनो’वर चालते, त्यासाठीची ‘जीआरबीएल’ प्रणाली विनामूल्य मिळते.

यंत्राला तीन अक्ष असतात : दोन आडवे, एक उभा. प्रत्येक अक्षावर स्टेपर मोटर आट्यांचा दांडा फिरवते. मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले आणि दांड्याच्या एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर सरक असेल, तर एका मिलिमीटरला १६० पावले पडतात. संगणक केवळ ही पावले मोजतो.

एवढी अचूकता कशासाठी? चाळीस पायांच्या आयसीच्या एका ओळीत २० पाय असतात. दोन पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर. ते २.५ धरून छिद्रे पाडत गेल्यास शेवटचे छिद्र ०.७६ मिलिमीटरने चुकते आणि आयसी बसत नाही. म्हणून प्रत्येक छिद्राचे स्थान आधीच्या छिद्रापासून नव्हे, तर एकाच आरंभबिंदूपासून मोजावे. नट आणि आटे यांत किंचित मोकळीक असतेच. त्यामुळे प्रत्येक छिद्राकडे एकाच बाजूने यावे. सांगाडा भक्कम हवा, कारण कार्बाइडचे बारीक ड्रिल जराशा कंपानेही मोडते. प्रथम ड्रिलऐवजी पेन लावून कागदावर ठिपके काढून पाहावेत. बोर्डातील काचतंतूंची धूळ घातक असते. चष्मा व मुखपट्टी अनिवार्य समजावी.

आपल्या इतिहासात हिशोब मांडणारा आणि हाताने घडवणारा यांच्यामध्ये जातीची भिंत उभी होती. या यंत्रापुढे ही दोन्ही कामे एकाच विद्यार्थ्याला करावी लागतात. जुन्या प्रिंटरमध्ये अशा मोटरी आणि गुळगुळीत दांडे पुष्कळदा सापडतात. माजी विद्यार्थ्यांनी आपल्याकडील निकामी प्रिंटर भंगारात घालण्यापूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेची आठवण ठेवावी.