सूर एकाचे, ताल अनेक देशांचे
पॉल सायमन यांच्या १९७२ मधील अल्बमची कथा

यशाच्या शिखरावर असताना वाट बदलण्याचे धाडस फार थोडे कलावंत करतात. अमेरिकी गायक-गीतकार पॉल सायमन यांनी ते १९७० मध्ये केले. ‘सायमन अँड गारफंकेल’ या जोडगोळीचा ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ हा अल्बम त्या वर्षी जगभर गाजत होता आणि पुढे १९७१ च्या ग्रॅमी सोहळ्यात तो सर्वोत्कृष्ट अल्बम ठरला. मात्र तोवर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या. आर्ट गारफंकेल यांच्या उंच, निर्मळ आवाजाची साथ सुटल्यावर सायमन यांच्या गाण्यात उरणार काय, या प्रश्नाचे उत्तर जानेवारी १९७२ मध्ये आले. त्या अल्बमचे नाव होते, ‘पॉल सायमन’.

तांत्रिकदृष्ट्या हा त्यांचा पहिला एकल अल्बम नव्हे. १९६५ मध्ये केवळ गिटारच्या साथीने गायिलेला त्यांचा एक अल्बम ब्रिटनमध्ये निघाला होता. परंतु स्वतंत्र कलावंत म्हणून त्यांची खरी कसोटी लागली ती १९७२ मध्येच.

त्या काळात अमेरिकेत ‘सॉफ्ट रॉक’चा बहर होता. जेम्स टेलर आणि कॅरोल किंग यांच्यासारखे गायक-गीतकार गिटार किंवा पियानोच्या साथीने, आवाज न चढवता, स्वतःच्या आयुष्याविषयी गात होते. सायमन यांचा पिंडही तोच. फरक होता तो साथीत. ओळखीच्या वादकांनी परक्या शैलीची नक्कल करण्यापेक्षा, ज्यांच्या अंगात ती शैली मुरली आहे त्यांच्याकडेच जावे, असे त्यांनी ठरवले.

या निश्चयामागे एक फसलेला प्रयोग होता. ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’मधील ‘व्हाय डोन्ट यू राइट मी’ या गाण्यात त्यांनी जमैकाचा ठेका अमेरिकेतील वादकांकडून वाजवून घेतला होता. त्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यामुळे ‘मदर अँड चाइल्ड रीयुनियन’साठी त्यांनी थेट जमैकाची राजधानी किंग्स्टन गाठली. तेथील ‘डायनॅमिक साउंड्स’ स्टुडिओत जिमी क्लिफ यांच्या साथीदारांनी हे गाणे वाजवले. रेगेमध्ये गिटारचा ठोका मुख्य मात्रेवर न पडता दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत पडतो आणि तालाला एक सुस्त डौल येतो. हा डौल नोटेशनमध्ये मावत नाही. तो हातातच असावा लागतो.

विशेष म्हणजे संगीत आधी ध्वनिमुद्रित झाले, शब्द नंतर आले. घरातील कुत्रा अपघाताने मरण पावल्यावर जाणवलेली मृत्यूची चाहूल हा गाण्याचा विषय, तर शीर्षक न्यूयॉर्कमधील एका चिनी उपाहारगृहाच्या मेनूकार्डावरून सुचलेले. कोंबडी आणि अंडी एकत्र असलेल्या पदार्थाचे ते नाव होते! गमतीदार नाव, गंभीर आशय आणि नाचरा ताल यांचा हा मेळ अमेरिकी श्रोत्यांना भावला आणि रेगेचे सूर त्यांच्या घराघरांत पोहोचले.

अकरा गाण्यांच्या या अल्बमचा पुढचा प्रवासही असाच बहुरंगी आहे. कोळ्याच्या मुलाची कहाणी सांगणाऱ्या ‘डंकन’मध्ये पॅरिसस्थित ‘लॉस इंकास’ या वृंदाने अँडीज पर्वतराजीतील बासरी आणि चरांगो वाजवले आहे. ‘मी अँड ज्युलिओ डाउन बाय द स्कूलयार्ड’मध्ये ब्राझीलचे तालवादक एर्तो मोरेरा आहेत. त्यात ऐकू येणारा हसल्यासारखा, खुसखुसणारा आवाज ‘क्विका’ या ब्राझिली वाद्याचा. कातड्याला आतून जोडलेली काडी ओल्या फडक्याने घासून तो काढला जातो. ‘होबोज ब्लूज’ या छोटेखानी रचनेत फ्रान्सचे ख्यातनाम जॅझ व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली आहेत आणि रचनेचे श्रेयही दोघांच्या नावे आहे.

एवढी विविधता असूनही अल्बमचे कडबोळे झालेले नाही. सायमन यांची बोलल्यासारखी गायकी आणि बोटांनी छेडलेली गिटार ही सर्व गाण्यांना बांधणारी दोरी आहे. निर्माते म्हणून सायमन आणि रॉय हॅली यांनी वाद्यांची गर्दी टाळली. त्यामुळे प्रत्येक पाहुण्या वाद्याला श्वास घ्यायला जागा मिळाली. ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या, तर अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. जोडीदाराविना सायमन यांचे काय होणार, ही शंका तेथेच मिटली.

याच पद्धतीने त्यांना पुढे जोहान्सबर्गला नेले. १९८५ मध्ये तेथील कृष्णवर्णीय वादकांसोबत सुरू झालेले काम १९८६ मध्ये ‘ग्रेसलँड’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी मिळाले. पण वर्णद्वेषी राजवटीविरुद्धचा सांस्कृतिक बहिष्कार मोडल्याची कडवट टीकाही झाली. दुसऱ्याच्या संगीताच्या घरी पाहुणे म्हणून जाताना दार कोणी उघडायचे आणि श्रेय कसे वाटायचे, हा प्रश्न तेव्हा ठळकपणे समोर आला. त्याची बीजे १९७२ च्या या शांत, साध्या वाटणाऱ्या अल्बममध्येच होती. म्हणूनच तो आज ऐकताना गोड गाण्यांचा संग्रह एवढाच उरत नाही. नक्कल आणि सहकार्य यांतील सीमारेषा कोठे असते, हेही तो ऐकवतो.